जुन्या संगणकाची हार्ड डिस्क बाह्य डिस्कवर जशीच्या तशी उतरवताना

फाइली कॉपी करणे वेगळे आणि डिस्कचे क्लोनिंग करणे वेगळे. क्लोनिंगमध्ये पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग), बूट होण्यासाठी म्हणजे संगणक सुरू होण्यासाठी लागणारी माहिती आणि विंडोज यांसह सगळी डिस्क उतरते. त्यासाठी क्लोनझिला हे मोफत साधन पेनड्राइव्हवर घ्यावे आणि संगणक त्यावरूनच सुरू करावा. बाह्य डिस्क मूळ डिस्कइतकी किंवा तिच्याहून मोठी हवी, आणि तिच्यावरचे सर्व काही पुसले जाणार, हे ध्यानात ठेवावे.

सर्वांत जास्त सावधगिरी मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती, हे निवडताना बाळगावी. पडद्यावर डिस्कची एसडीए, एसडीबी अशी नावे दिसतात, पण त्यांचा क्रम दरवेळी तोच राहील असे नाही. म्हणून क्षमता आणि मॉडेल क्रमांक ताडून पाहावा. मी तो क्रमांक डिस्कच्या लेबलावरून आधीच कागदावर उतरवून घेतो, कारण इथे अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि घरचे सगळे फोटो कायमचे जातात.

जुन्या संगणकात बहुधा यूएसबी 2.0 असते, सेकंदाला 30 मेगाबाइट वेगाने 500 गिगाबाइट माहिती उतरायला साडेचार तासांहून अधिक वेळ लागतो, तेव्हा लॅपटॉप चार्जरला जोडूनच ठेवावा. डिस्कवर खराब सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, असतील तर डीडीरेस्क्यू हे साधन वापरावे, कारण ते आधी सुस्थितीतला भाग वाचून घेते आणि बिघडलेल्या भागाकडे नंतर वळते. डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र ताबडतोब थांबावे.

काम झाल्यावर विंडोज सुरू करण्यापूर्वी बाह्य डिस्क काढून ठेवावी.