जर्मनीत नवीन आलात? मग हे नेमाने वाचत जा

ऑक्टोबर आला की स्टुटगार्टच्या मराठी ग्रुपवर नवे नंबर दिसायला लागतात. कोणी पुण्याहून कंपनीच्या बदलीवर आलेलं, कोणी मास्टर्सला. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतं, "सिटिझनशिप तीन वर्षांत मिळते ना?" खाली पाच जणांची पाच उत्तरं, आणि पाचही ठाम. प्रत्यक्षात २७ जून २०२४ पासून इथे राहण्याची अट आठाची पाच वर्षं झाली. भाषा उत्तम येणाऱ्यांसाठी तीन वर्षांची वाट होती, ती ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस बंद झाली. ग्रुपवर ती अजून उघडीच आहे! जर्मनी-तिकिटाचंही, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या आणि बसच्या महिन्याच्या पासाचंही, तेच. मे २०२३ मध्ये ४९ युरो, २०२५ ला ५८, २०२६ पासून ६३; पण ४९ चा जुना मेसेज काही मरत नाही.

ग्रुप सोडा असं मी म्हणत नाही. वापरलेला सोफा, मोदकाची पिठी, गणपतीची वर्गणी यासाठी त्याला तोड नाही. पण व्हिसा, पैसा आणि करार या तीन गोष्टी मुळातूनच वाचायच्या.

व्हिसासाठी 'मेक इट इन जर्मनी' ही सरकारी साइट इंग्रजीत आहे, तिथूनच सुरुवात करा. ब्लू कार्डवाल्यांना, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर आलेल्यांना, पीआर (कायम राहण्याचा परवाना) २७ महिन्यांनी मिळू शकतो, जर्मन बी-वन, म्हणजे मध्यम पातळीचं असेल तर २१ महिन्यांनी. म्हणजे भाषेने सहा महिने वाचतात. कोणी कलमच तोंडावर फेकलं तर 'गेझेत्से इम इंटरनेट'वर जा. जवळपास सगळे केंद्रीय कायदे तिथे फुकट वाचायला मिळतात.

आता भाषा. क्लास लावाच, पण क्लासमधलं जर्मन आणि बातम्यांमधलं जर्मन यांत बरंच अंतर असतं. अगदी कोरी पाटी असेल तर डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा कोर्स घ्या, ए-वन या पहिल्या पातळीपासून बी-वनपर्यंत पूर्ण फुकट. पुढे त्यांच्याच सावकाश वाचलेल्या बातम्या ऐका, सोबत मजकूरही असतो. माझी खरी शिफारस मात्र 'नाखरिख्टन लाइख्ट' ही आहे. डॉइचलांडफुंक रेडिओची ही साइट सोप्या जर्मनमध्ये बातम्या देते: छोटी वाक्यं, लांबलचक शब्द नाहीत आणि बातमीतले अवघड शब्द सोप्या जर्मनमध्येच समजावलेले. एस-बानमध्ये दोन स्टेशनांच्या मध्ये एक बातमी वाचून होते. ते जमू लागलं की 'टागेसशाऊ'. टीव्हीवरचं संध्याकाळी आठचं बातमीपत्र, पंधरा मिनिटांचं. २०२४ पासून त्यांचीच सोप्या भाषेतली आवृत्तीही सोमवार ते शुक्रवार येते. पत्ता नोंदवला की प्रसारण शुल्काचं पत्र घरी येतंच, दर घरामागे महिना १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून सुटका नाही. मग या बातम्या बघून ते वसूल तरी करा.

पैशाच्या बाबतीत जरा थांबून सांगतो, कारण नवीन माणूस इथेच सापडतो. चहाला बोलावून "फुकट फायनान्शियल प्लॅनिंग करून देतो" म्हणणारे भेटतील, मराठीतही भेटतील. त्यांचं कमिशन तुमच्या पॉलिसीतूनच निघतं. सही करण्याआधी वस्तू आणि विमे तपासून गुण देणारी 'श्टिफ्टुंग वारेनटेस्ट' बघा. १९६४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था जाहिराती घेत नाही आणि वस्तू दुकानातून गुपचूप विकत आणून तपासते. गुण इथल्या शाळेसारखे, म्हणजे कमी तितके चांगले, १.६ वालं वॉशिंग मशीन ३.२ वाल्यापेक्षा सरस. सविस्तर निकालांना काही युरो पडतात, पण तुमच्या शहराच्या वाचनालयाचं कार्ड काढून आधी बघा, अनेक वाचनालयं ही मासिकं ऑनलाइन वाचू देतात. आणि पहिला विमा घ्यायचा तो 'हाफ्टफ्लिख्ट'चा, म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा. बहुतेकदा वर्षाला शंभर युरोंच्या आत मिळतो. लाइफ इन्शुरन्सचं नंतर बघू.

'फिनान्झटिप' या पैशाविषयीच्या साइटचं साप्ताहिक ईमेल-पत्र जरूर लावा: बँक खातं, वीज कंपनी बदलणं, कर, सगळं असतं. लिंकपाशी चांदणी असली तर तिथून साइटला पैसे मिळतात, हे ते स्वतःच सांगतात. तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

करार मोडायचा तर 'फरब्राउखरत्सेन्ट्राले'. ही ग्राहक संस्था सोळाही राज्यांत आहे आणि साइटवर पत्रांचे तयार नमुने देते: नाव, ग्राहक क्रमांक, तारीख टाकली की काम झालं. जिम किंवा मोबाइलवाला "अजून एक वर्ष अडकलात" म्हणाला, तर लक्षात ठेवा: मार्च २०२२ पासून केलेले असे करार पहिली मुदत संपल्यावर एका महिन्याच्या नोटिशीने सोडता येतात. बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या ईमेलचा माग ठेवणारं त्यांचं 'फिशिंग राडार'ही अधूनमधून चाळा.

कर विवरणासाठी 'एल्स्टर' ही सरकारी साइट फुकट आहे. पोर्टल ऑनलाइन, पण सुरू करायचा कोड पोस्टाने येतो. हा जर्मनीचा खाक्या. तेव्हा दारावरच्या पत्रपेटीवर स्वतःचं नाव आधी लावा, नाहीतर तो कोड परत जाईल.

गावातल्या बातम्यांसाठी एसडब्ल्यूआर या इथल्या प्रादेशिक रेडिओ-टीव्हीचं फुकट अ‍ॅप पुरतं. गेली काही वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत एस-बानची शहरातली मुख्य लाइन कामासाठी कित्येक आठवडे बंद असते, तेवढ्यासाठी तरी व्हीव्हीएस या स्टुटगार्टच्या वाहतूक संस्थेच्या सूचना चालू ठेवा. आपल्या पासपोर्टची कामं म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे असतात. फी आणि फॉर्म बदलत राहतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्यांचीच साइट बघा, दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राचा स्क्रीनशॉट नको.

'नीना' हे धोक्याच्या सूचनांचं सरकारी अ‍ॅपही घालून ठेवा. सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी अकराला देशभर सराव असतो आणि सगळ्यांचे फोन एकदम कर्कश ओरडतात. त्या वेळी घरी व्हिडिओ कॉल चालू असेल तर आईला आधीच सांगून ठेवा.