खडे आणि खनिजांच्या प्रदर्शनाला जाताय? या चुका टाळा

‘ओरिजिनल आहे ना?’ स्टॉलसमोर उभा राहणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो. विक्रेता ‘हो’ म्हणतो, आणि त्यात तो खोटे बोलतो असेही नाही. भेगांमध्ये शिशाची काच भरलेले माणिक मुळात खाणीतलेच असते. त्याची किंमत मात्र काच न भरलेल्या माणकाच्या जवळपासही जात नाही. म्हणून प्रश्न तोडून विचारा. खडा खाणीतला की प्रयोगशाळेत बनवलेला? तापवलेला आहे का? भेगांत काच, तेल किंवा रंग भरला आहे का? मिळालेले उत्तर पक्क्या बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला कां-कूं झाली तर तिथेच थांबा.

बेळगावात हॉलमध्ये भरलेले छोटे प्रदर्शन असो, की त्यासाठी कोल्हापूर, हुबळी, पुणे गाठायचे असो, चुका त्याच होतात. (मुंबईतले ‘आयआयजेएस’सारखे मोठे प्रदर्शन व्यापाऱ्यांसाठी असते. हौसेने तिकीट काढून निघण्याआधी प्रवेशाचे नियम बघा.)

रत्ती कुठली, हे न विचारणे

आपल्या भागात सर्वांत जास्त पैसे इथे जातात. सोनाराची जुनी रत्ती म्हणजे गुंज, सुमारे 121.5 मिलिग्रॅमची; 96 गुंजांचा एक तोळा. खड्यांच्या बाजारात चालणारी पक्की रत्ती मात्र साधारण 182 मिलिग्रॅमची, म्हणजे 0.91 कॅरट. कॅरट सगळीकडे एकच: 200 मिलिग्रॅम.

समजा, कुणी सव्वापाच रत्तीचा पुष्कराज सांगितला आहे. पक्क्या रत्तीने तो 4.78 कॅरट होतो, गुंजेने 3.19. रत्तीला 3000 रुपये दर असेल तर दोन्ही वेळा 15,750 रुपयेच द्याल, पण पहिल्या हिशेबात कॅरटला सुमारे 3,300 रुपये पडतात आणि दुसऱ्यात 4,900 च्या वर. दर कॅरटमध्येच विचारा आणि वजन डोळ्यांसमोर करून घ्या. खड्याचा कॅरट वजनाचा आणि सोन्याचा कॅरट शुद्धतेचा, हा घोळ तर नेहमीचाच.

0.01 ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा सोबत ठेवा. 5 कॅरटचा खडा त्यावर 1.00 ग्रॅम दिसला पाहिजे.

पुष्कराज या नावावर विसंबणे

पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, असे बहुतेक जण धरून चालतात. काही जण टोपाझ या वेगळ्याच खनिजालाही पुष्कराज म्हणतात, आणि स्वस्तातला सुनेला, म्हणजे पिवळे क्वार्ट्झ, त्याच ट्रेमध्ये मांडलेला असतो. नीलम हे ज्या खनिजाचे असते ते कोरंडम, म्हणून बिलावर ‘कोरंडम’ हा शब्द हवा. घरी पडताळायचे असेल तर काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि खडा बारीक दोऱ्याने पाण्यात असा सोडा की तो तळाला टेकणार नाही. काटा दाखवेल त्या आकड्याने खड्याच्या कोरड्या वजनाला भागा. कोरंडमचे उत्तर 4.0 च्या आसपास येते, टोपाझचे 3.5, सुनेल्याचे 2.65. एक ग्रॅमच्या कोरंडमला काटा 0.25 दाखवेल, सुनेल्याला 0.38. खडा लहान असेल तर दुसऱ्या दशांशातल्या चुकीने उत्तर फिरते, म्हणून अर्ध्या ग्रॅमखाली हा प्रयोग करू नका. खडा खाणीतला की बनवलेला, हे मात्र यातून कळत नाही, कारण दोघांची घनता सारखीच असते.

नावांचा असाच गोंधळ आणखी दोन ठिकाणी दिसतो. ‘अमेरिकन डायमंड’ म्हणजे कारखान्यातले क्युबिक झिर्कोनिया, तर झिर्कॉन हे वेगळे नैसर्गिक खनिज. आणि चमचमता सनसितारा म्हणजे तांब्याचे कण अडकलेली काच.

स्टॉलच्याच दिव्याखाली रंग ठरवणे

पिवळ्या झोताखाली माणिक पेटलेल्या निखाऱ्यासारखे दिसते. तोच दिवा नीलमाचा रंग मारतो, म्हणून नीलमाच्या ट्रेवर पांढरा दिवा असतो. विक्रेत्याला विचारून खडा दाराशी न्या, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि उन्हाचा थेट झोत टाळून बघा. आपल्याकडच्या पावसाळी ढगांचा उजेडही यासाठी चालतो.

भिंग दहापट वाढवणारे घ्या. त्याहून जास्तीचा मोह नको, कारण नजरेत येणारा भाग लहान होतो आणि हात थरथरला की काहीच दिसत नाही. भिंग डोळ्याला चिकटवा, खडा त्याच्यासमोर अडीच सेंटिमीटरवर आणा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवा. खडा हळूहळू कलवताना भेगांत निळा-जांभळा झळाळ उठला किंवा गोल बुडबुडे दिसले, तर काच भरलेली आहे. असे माणिक अंगठीत बसवले आणि सोनाराने ज्योतीवर जोड दिला किंवा दागिना आम्लात टाकला, तर काच बिघडून भेगा उघड्या पडतात. लिंबाचा रसही ही काच खातो. पाचूत बहुतेक वेळा तेल असते. ते गरम पाण्याने आणि अल्ट्रासॉनिक यंत्राने निघून जाते, तेव्हा सोनाराला आधीच सांगून ठेवा.

हॉलमार्कला खड्याचा दाखला समजणे

हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो, खड्याविषयी तो काही सांगत नाही. खड्याच्या प्रमाणपत्रावर नाव ठळक आणि शेरा बारीक छापलेला असतो. आधी शेरा वाचा, काच आणि तापवणे तिथेच नोंदलेले असते. मग वजन आणि मापे समोरच्या खड्याशी जुळवा, आणि क्रमांक मोबाइलवर त्या प्रयोगशाळेच्या साइटवर टाकून बघा.

नमुन्याचे लेबल फेकून देणे

खनिजांच्या स्टॉलवर पुणे, जळगाव, नाशिकच्या बेसाल्टमधले (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडातले) स्टिल्बाइट, अपोफिलाइट, स्कोलेसाइट असतात. निपाणी-चिकोडीकडची जमीनही याच दख्खनच्या लाव्ह्याची. चिठ्ठीवर गाव, तालुका आणि खाण असेल तरच नमुन्याला मोल. नुसते ‘इंडिया’ लिहिलेला नमुना शोभेची वस्तू म्हणून घ्या, संग्रहासाठी नको.

पुण्याजवळच्या वाघोलीत मिळणाऱ्या कॅव्हन्साइट या निळ्या खनिजाचे गोळे कधी कधी दुसऱ्याच दगडावर चिकटवलेले असतात. 365 नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च मारा. बुडाशी दुधी-निळी रेघ चमकली तर गोंदाचा संशय घ्या. झगझगीत गुलाबी किंवा निळ्या पोकळ दगडांत रंग भेगांमध्ये साचलेला दिसतो. विक्रेत्याच्या परवानगीने ॲसिटोन लावलेला कापूस फिरवला की तो बऱ्याचदा बोळ्यावर उतरतो.

विहिरीतला दगड चुकीच्या स्टॉलवर नेणे

विहीर खणताना निघालेली चमकदार गार घेऊन लोक थेट रत्नांच्या स्टॉलवर जातात आणि हिरमुसून परततात. ती खनिजांच्या स्टॉलवर, गर्दी नसताना दाखवा. त्याआधी घरी पोलादी सुरीने ओरखडा काढा. ओरखडा उठला तर ते क्वार्ट्झ नव्हे. व्हिनेगरच्या थेंबाने बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट. खानापूरच्या जंगलातून, भीमगड अभयारण्यातून मात्र काहीही उचलू नका. वनकायद्यात दगड आणि खनिजही वनोपजच आहे.

बांधणी आणि घरी आल्यानंतर

स्कोलेसाइटच्या सुयांवर कापूस गुंडाळू नका. तंतू अडकतात आणि काढताना सुया मोडतात. नमुना बुडाकडून धरा, कुंद्याच्या (बेळगावी मिठाईच्या) रिकाम्या डब्यात फोमच्या तुकड्यांनी फक्त दगडाचा भाग आवळा, सुयांना काही टेकू देऊ नका. बसमध्ये डबा मांडीवर ठेवा, डिकीत नको. कापसाच्या गोळ्यासारख्या ओकेनाइटला पाणी किंवा बोट लागले की तंतू चिकटून बसतात आणि परत सुटत नाहीत.

सोन्यासारख्या चमकणाऱ्या पायराइटभोवती पांढरी-पिवळी भुकटी पडू लागली, तर दमट हवेने त्याचे ऑक्सिडेशन सुरू झाले आहे. बेळगावच्या पावसाळ्यात हे लवकर होते. नमुना लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा, कारण त्यातून तयार होणारे आम्ल शेजारच्या कॅल्साइटला आणि लेबलच्या कागदाला खाते. भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पुड्या बदला.