मंडळीची धुरा वाहताना: आतिथ्य, कारभारीपण आणि सेवाकार्य

बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील नववे वचन कुरकुर न करता एकमेकांचे आतिथ्य करण्यास सांगते, आणि लगेच पुढचे वचन प्रत्येकाने आपल्याला मिळालेल्या कृपादानाचा, म्हणजे देवाने दिलेल्या देणगीचा, चांगला कारभारी व्हावे असे म्हणते. ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) नेतृत्व करणाऱ्याने ही दोन्ही वचने जोडूनच वाचावीत. पाहुणचार महिला मंडळाकडे, पैसा खजिनदाराकडे आणि सुवार्ताकार्य, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगणे, पाळकांकडे (पास्टरांकडे) अशी वाटणी करून टाकली, की कामे होत राहतात, पण मंडळी बाकांवर बसून ती पाहत राहते. माझ्या मते आरंभ आतिथ्यापासून करावा, कारण परक्याला आपल्यात जागा देताना मंडळीला आपला स्वभाव जसा कळतो तसा तो दुसऱ्या कोणत्याही कामात कळत नाही.

पुण्या-मुंबईच्या मराठी मंडळ्यांत गावाकडून शिकायला किंवा नोकरीला आलेली मुले नेहमीच येतात, आणि त्यांतली बरीचशी शेवटच्या बाकावर बसून उपासना संपताच निघून जातात. यासाठी दारापाशी दर रविवारी दोन जण पाळीपाळीने उभे करावेत. त्यांतील एक तरुण असावा आणि तीच दोन माणसे वर्षभर राहू नयेत. एकाने सलाम करून नवख्याला आत न्यावे, त्याच्याशेजारी बसावे आणि गीताचा क्रमांक सांगितला जाताच पुस्तकाचे पान उघडून त्याच्या हाती द्यावे. उपासनेनंतर आडनाव आणि मूळ गाव विचारण्याची घाई करू नये. आपल्याकडे या प्रश्नांआडून जात चाचपली जाते हे विचारणाऱ्याला ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. ही सवय मंडळीत शिल्लक आहे हे पाळकांनी व्यासपीठावरून स्पष्टपणे बोलले पाहिजे. प्रीतिभोजनाच्या, म्हणजे मंडळीच्या सामुदायिक जेवणाच्या, वेळी कारभार पाहणारे पंच आणि वडीलधाऱ्यांनी वाढप करून शेवटच्या पंगतीला बसावे. करिंथच्या मंडळीत काही जण आधी जेवून तृप्त होत आणि काही उपाशी राहत, म्हणून प्रेषित पौलाने त्यांना किती कडक शब्दांत फटकारले, ते 1 करिंथ 11 मध्ये वाचावे. नवख्याला त्याच आठवड्यात कोणत्या घरी जेवायला बोलवायचे, हेही तिथल्या तिथे ठरवावे. नंतर ठरवू म्हटले की ते राहून जाते.

आतिथ्याला पैसा, धान्य आणि पाणी लागते, त्यामुळे कारभाराचा प्रश्न आपोआप पुढे येतो. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा केडगावला आणल्या, तेव्हा त्यांना निवारा देण्याबरोबरच विहिरी, शेती आणि हाताला काम यांचीही व्यवस्था उभी करावी लागली. दया टिकायची तर तिच्यामागे हिशेब हवा.

दानार्पणाची मोजणी एकट्याने कधीही करू नये, मग तो माणूस कितीही सचोटीचा असो. उपासना संपताच, मंडळीतले लोक अजून आवारात असताना, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी टेबलावर नोटा व नाणी वेगळी करून मोजावीत, पाकिटांतील रकमा नावांपुढे लिहाव्यात, आकडा अक्षरी मांडून दोघांनी सही करावी आणि रक्कम कोणाच्या घरी न नेता शक्य तितक्या लवकर बँकेत भरावी. यरुशलेमसाठी वर्गणी नेताना पौलानेही मंडळ्यांनी नेमलेली माणसे सोबत घेतली, म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये (2 करिंथ 8). मंडळीचा न्यास (ट्रस्ट) नोंदणीकृत असल्यास 31 मार्चअखेरचे हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयात सादर करणे हे कर्तव्यच आहे. परंतु तेच हिशेब सोप्या मराठीत मंडळीच्या फलकावर लावले, तर देणाऱ्याचा विश्वास अधिक वाढतो.

हंगामाच्या सणाला लोकांनी दान म्हणून आणलेल्या वस्तूंच्या लिलावात एका नारळावरून चढाओढ लागते आणि रक्कमही मोठी जमते, तरी त्या दिवशी अंडी किंवा पायलीभर ज्वारी घेऊन आलेल्या म्हातारीचे दान तितक्याच आदराने वेदीपाशी ठेवले गेले पाहिजे. मिझोरामच्या मंडळ्यांत रोजच्या स्वयंपाकातून मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढण्याची रीत शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे, आणि गरिबातले गरीब घरही तिच्यामुळे देणाऱ्यांत मोजले जाते. आपल्याकडे ज्वारी-बाजरीची अशी मूठ सहज सुरू करता येईल. जमलेल्यातून बाहेरच्यांसाठी किती, हे वर्षाच्या आरंभीच ठरवावे. उरले तर देऊ असे म्हणणाऱ्या मंडळीपाशी सहसा काही उरत नाही.

सेवाकार्याची दिशा आपल्या परिसराकडे पाहून ठरवावी. अहिल्यानगर जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या आसपास ऊसतोड कामगारांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) उभ्या राहतात. तिथे कपडे वाटून फोटो काढण्याआधी दोन-तीन जणांनी संध्याकाळी जाऊन बसावे, लहान मुले दिवसभर कुठे असतात, गरोदर बाईला दवाखान्यात कोण नेते, पाणी कुठून येते, हे विचारावे आणि गावच्या आशा कार्यकर्तीला सोबत घेऊन एकच काम हाती धरावे, पण ते हंगाम संपेपर्यंत सोडू नये. मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला येण्याची अपेक्षा मुळीच ठेवू नये. अट घातलेल्या भाकरीने सुवार्तेलाच बट्टा लागतो. कोणी आपण होऊन विचारले, तर मात्र आपल्या आशेचे कारण सौम्यपणे आणि न लपवता सांगावे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांतून आणि कीर्तनांतून गायिली, ती इथल्या माणसाला परकी वाटली नाही. साक्ष देतानाही आपली भाषा अशीच घरची असावी.

या सगळ्यात पाळकांनी स्वतःकडे कमीत कमी कामे ठेवावीत. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये विधवांच्या रोजच्या वाटपाबद्दल कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी मंडळीलाच सात माणसे निवडायला सांगितली. वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबरच वर्षभरात किती नवखे कोणाच्या घरी जेवले, बाहेरच्यांसाठी ठरवलेला वाटा खरोखर गेला का आणि हाती घेतलेल्या कामाची जबाबदारी आता कोणाकडे आहे, याची माहितीही त्या-त्या जबाबदार व्यक्तीने स्वतः उभे राहून द्यावी.