बोलण्याचा पिच कोडमधून कसा काढायचा

पिच म्हणजे आवाजाची पट्टी, लाट सेकंदाला किती वेळा रिपीट होते तो आकडा. सुरुवातीला बहुतेक जण एफएफटी मारून (आवाजात कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे ते काढून) सगळ्यात उंच टोक म्हणजे पिच असं धरतात, मीपण तेच केलेलं. बोलण्यात ते फसतं, कारण घसा आणि तोंड मिळून मूळ सुरापेक्षा त्याच्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीच्या सुरांनाच (हार्मोनिक्सना) जास्त उचलून धरतात. साध्या फोन लाइनवर तर ३०० हर्ट्झखालचं जवळपास सगळं कापलेलं असतं, तरी पलीकडे बाई बोलतेय की बाप्या हे कळतंच ना! म्हणजे बघायचं काय, तर लाट किती वेळाने रिपीट होते ते.

त्यासाठी ऑटोकोरिलेशन, म्हणजे लाट स्वतःशीच सरकवून कुठे जुळते ते बघणं. १६००० सॅम्पल रेटचं मोनो रेकॉर्डिंग घ्या, दर १० मिलिसेकंदाला ४० मिलिसेकंदाचा म्हणजे ६४० सॅम्पलचा तुकडा (फ्रेम) उचला, त्याची सरासरी वजा करा, मग तो स्वतःवरच एकेक सॅम्पल सरकवत (जितके सॅम्पल सरकवला तो लॅग) गुणाकारांची बेरीज काढत जा आणि प्रत्येक बेरजेला शून्य लॅगच्या बेरजेने भागा. शोधायचं फक्त ४० ते २१३ लॅगमध्ये, म्हणजे ४०० ते ७५ हर्ट्झ. टोक १२८ वर आलं तर १६००० भागिले १२८, १२५ हर्ट्झ, पुरुषाचा नेहमीचा आवाज. लहान मुलं असतील तर वरची हद्द ६०० हर्ट्झ करा.

स, श, फ बोलताना स्वरतंतू हलतच नाहीत, तिथे पिच नसतोच. टोक ०.४ च्या खाली असेल तर ती फ्रेम रिकामी सोडा (आकडा रेकॉर्डिंग बघून कमीजास्त करा), पण शून्य भरू नका, सरासरीची वाट लागते.

खरी डोकेदुखी ऑक्टेव्हची, म्हणजे पिच नेमका निम्मा किंवा दुप्पट येण्याची. २०० हर्ट्झचा आवाज ८० लॅगवर जुळतो तसा १६० वरही जुळतो, आणि कोड बिनधास्त १०० सांगून मोकळा. म्हणून सगळ्यात उंच टोक न घेता, त्याच्या ९० टक्के तरी उंची असलेलं पहिलं टोक घ्या, दोन्ही बाजूंनी उतरणारं, नुसता उतार नको, आणि वरून ५ फ्रेमचा मीडियन फिल्टर लावा (शेजारच्या ५ आकड्यांतला क्रमाने मधला घ्या). एवढं करूनही उड्या थांबल्या नाहीत तर २००२ चा यिन अल्गोरिदम वापरा, तो फरकाच्या वर्गावर चालतो आणि असले घोळ बरेच कमी करतो.

उंच पट्टीच्या आवाजात ४० आणि ४१ लॅगमध्येच १० हर्ट्झचा फरक पडतो, तेव्हा टोकाच्या ३ बिंदूंतून पॅराबोला (वक्ररेषा) काढून तिच्या शिखराचा अपूर्णांकातला लॅग घ्या.

टेस्टला आधी माणूस नको. २५०, ३७५ आणि ५०० हर्ट्झच्या साइन वेव्ह मिसळून द्या, उत्तर १२५ यायला हवं.