जुना शेव्हरोले पिकअप घरच्या गॅरेजमध्ये बांधताय? या चुका टाळा

अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळल्या की एक वाक्य हमखास भेटतं: 'नव्वद टक्के काम झालंय, वेळ नाही म्हणून विकतोय.' फोटोत चकाचक रंग, बॉनेटखाली क्रोम केलेलं इंजिन. नीट बघावं तर ब्रेकच्या नळ्याच नाहीत आणि डॅशबोर्डखाली वायरिंगचा गुंता लोंबतोय. अशी गाडी नव्वद टक्के झालेली नसते, ती चुकीच्या टोकाकडून सुरू केलेली असते. इंजिन आधी आणलं, कारण ते आणायला मजा येते. मग रंग केला, कारण शेजारी विचारायला लागले. पत्रा, ब्रेक, वायरिंग मागे राहिलं, आणि ते करायला आता झालेलं सगळं पुन्हा खोलावं लागणार. घरी बांधलेले पिकअप अर्धवट राहतात ते बहुतेक वेळा हात कच्चा असल्यामुळे नाही, क्रम चुकल्यामुळे.

उदाहरणासाठी १९६७ ते १९७२ मधला शेव्हरोले सी-१० घेऊ. 'सी' म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद, 'के' म्हणजे चारी चाकांना, आणि १० म्हणजे अर्ध्या टनाचा वर्ग. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने हाच घ्यावा असं मी सांगतो, कारण याचे पत्र्याचे बहुतेक भाग आजही नवे बनवलेले मिळतात आणि बॉनेट उघडलं की आत उभं राहायला जागा असते.

कागद नंतर बघू

नंतर बघायचं नसतं. विक्रेत्याच्या नावाचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, हातात आहे का आणि त्यावरचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) चालकाच्या बाजूच्या दरवाजाच्या खांबावरच्या पट्टीशी जुळतो का, हे पैसे देण्यापूर्वी बघा. ती पट्टी गंजलेल्या पत्र्यावर असेल तरी स्वतःच्या मनाने काढून दुसरीकडे रिव्हेट करू नका. व्हीआयएनशी छेडछाड हा तिथे केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पुढे गाडी विकताना तोच मुद्दा आडवा येतो. राज्याचे नियमही आधी वाचा. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग, म्हणजे धुराची, तपासणी लागत नाही, १९७६ पासूनच्यांना लागते. 'जुनी आहे, चालेल' म्हणून १९७८ चा ट्रक घेणाऱ्याला तपासणीच्या दारात इंजिनची हौस आवरावी लागते.

महाराष्ट्रात बसून असा बेत करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ज्या गाडीला विंटेज म्हणून 'व्हीए' क्रमांक मिळतो, ती ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली असावी लागते, आणि ती रोजच्या वापरासाठी नसते. म्हणजे चासी, बॉडी, इंजिन बदललेला कस्टम पिकअप आपल्याकडे विंटेजमध्ये बसतच नाही. दोन्ही हौशी एकाच गाडीवर फेडता येत नाहीत, त्यातली एक आधीच निवडावी.

रंगाखालचा पत्रा न बघता घेतलेली गाडी

मिशिगन, ओहायोकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथला सी-१० वरून कितीही तुळतुळीत दिसला तरी खालून बघायचाच. केबिनचे मागचे कोपरे, दरवाजाखालचे रॉकर, पायाजवळची किक पॅनल, विंडशील्डखालचा काउल आणि केबिन चासीवर बसते ते माउंट, या पाच जागा. खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. पायाखालचं रबर मॅट उचलून बघू न देणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून निघावं. टेक्सास, ॲरिझोनासारख्या कोरड्या भागातली गाडी महाग पडते, रंग उन्हाने उडालेला असतो, सीट फाटलेली असते. तरीही तीच घ्या. सीट शिवून मिळते. गंजलेलं काउल दुरुस्त करायचं तर गाडीचा पुढचा अर्धा भाग खोलावा लागतो.

टाकी आत ठेवून वेल्डिंग

या ट्रकची पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे असते. हे वाक्य पुन्हा वाचा, आणि मग केबिनच्या कोपऱ्याला ग्राइंडर लावण्यापूर्वी टाकी पूर्ण बाहेर काढा. रिकामी केली म्हणून भागत नाही, वाफ पेट्रोलपेक्षा वाईट. बहुतेक जण पुढे मागच्या हौद्याखाली, चासीच्या दोन दांड्यांमध्ये नवी टाकी बसवतात. तसं करणार असाल तर ते पहिल्याच आठवड्यात ठरवा. आणखी एक धोका: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर फॉसजीन तयार होतो, तो विषारी वायू आहे. डबा घेताना 'क्लोरीनविरहित' लिहिलेलाच घ्या. गाडी जॅकने उचलली की खाली लोखंडी घोड्या लावा, सिमेंटच्या पोकळ विटा नाहीत. त्या इशारा न देता फुटतात.

दोन्ही रॉकर एकदम कापणं

पत्रेकामातली सगळ्यात महाग चूक ही. रॉकर गंजलेत म्हणून उत्साहाने दोन्ही बाजू कापल्या जातात. रॉकर हा नुसता शोभेचा पत्रा नाही, दरवाजाच्या मोठ्या भोकाखाली केबिनला ताठ धरणारा तोच भाग आहे. तो गेला की केबिन मधोमध किंचित खचते, मिलिमीटर-दोन मिलिमीटर. नवा रॉकर तशाच अवस्थेत जोडला जातो, आणि दरवाजा लावायला गेलं की लॅच खांबावरच्या खिळ्याच्या वरच आपटतं. मग बिजागऱ्या वाकवणं, लॅच सरकवणं, दरवाजाच्या कडा घासणं सुरू होतं. एवढं करूनही वरची फट बारीक आणि खालची बोटभर राहतेच.

कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत आडवा आणि तिरपा असा लोखंडी ट्यूब टॅक करा, म्हणजे वेल्डिंगच्या छोट्या ठिपक्यांनी जोडा. एक बाजू पूर्ण करा, मगच दुसरीला हात लावा. या काळात केबिन चासीवर, माउंटवर बोल्टने बसलेलीच असू द्या. नवा रॉकर आधी क्लॅम्पने धरा, दरवाजा लावून बंद करून बघा, फट बघा, मग टॅक. पुन्हा दरवाजा. काम रटाळ आहे, पण हाच रटाळपणा पुढचे महिने वाचवतो.

वेल्डिंग मिगने (आपोआप तार सोडणाऱ्या मशीनने), ०.०२३ इंच तारेने आणि ७५ टक्के आर्गॉन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइड अशा गॅसने करा. बिनगॅसची फ्लक्सची तार चासीला चालेल, पण पातळ पत्र्याला ती फार गरम पडते. सलग रेघ ओढायची नाही. एक टॅक इथे, दुसरा वीतभर दूर, तिसरा पलीकडे, असं करत मधल्या जागा भरायच्या. हात लावून बघा, गरम लागत असेल तर थांबा. पत्रा लाटेसारखा उठला की तो बसवायला जितका वेळ जातो तितक्यात अख्खं पॅनल बदलून झालं असतं.

इंजिन आलं, पण बाकीचं?

भंगारात १९९९ ते २००७ मधल्या सिल्व्हराडोचं ५.३ लिटरचं इंजिन सहज मिळतं, आणि सी-१० मध्ये ते बसवणं आता नेहमीचंच झालंय. इंजिन बसतं. अडचण आजूबाजूची असते. ट्रकचं मूळ ऑइल पॅन खोल असतं, गाडी खाली बसवली की तेच जमिनीला सगळ्यात जवळ येतं. कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या नळ्या पाच-सहा पीएसआय (दाबाचं माप) दाबासाठी होत्या, या इंजिनाला ५८ च्या आसपास लागतात. जुनी रबरी नळी आणि स्क्रूचा क्लिप तिथे ठेवणं म्हणजे गरम मॅनिफोल्डवर पेट्रोलची पिचकारी. फ्युएल इंजेक्शनसाठी बनवलेलीच नळी आणि तिला साजेसे जोड वापरा. टाकीत आडव्या पट्ट्या नसतील तर वळणावर इंजिन दचकतं आणि लोक बिचाऱ्या पंपाला दोष देतात.

क्रँकवरचं दातांचं रिंग २४ दातांचं आहे की ५८, हे इंजिन घेतानाच विचारा. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि वायरिंग त्याच्याशी जुळलं नाही तर स्टार्टर फिरत राहील आणि स्पार्क येणार नाही. शक्यतो एकाच गाडीतून इंजिन, ईसीयू, वायरिंग, गिअरबॉक्स असं सगळं उचला.

जुनं ३५० घन इंचांचं इंजिनच ठेवणाऱ्यांसाठी एवढंच: व्हॉल्व्ह उघडणारा नवा कॅम सपाट टॅपेटवर चालणारा (फ्लॅट टॅपेट) असेल तर झिंक असलेलं ऑइल घाला आणि पहिल्यांदा सुरू झाल्यावर आयडलवर सोडू नका. २००० ते २५०० आरपीएमवर वीस मिनिटं चालवा. आयडलवर लोबला, म्हणजे कॅमच्या उंचवट्याला, पुरेसं ऑइल पोचत नाही, आणि कॅम पहिल्याच दिवशी झिजतो.

ब्रेक

१९७० पर्यंत या ट्रकला चारी चाकांना ड्रम आणि सहा नटांची चाकं. १९७१ पासून पुढे डिस्क आणि पाच नट. डिस्क बसवायचे म्हणून पुढचं सगळं १९७१-७२ चं आणतात, मागचा ॲक्सल तसाच राहतो, आणि गाडी पुढे पाच, मागे सहा नटांवर उभी राहते. स्टेपनी कुठली ठेवायची?

डिस्क बसवल्यावर दोन तक्रारी कायम येतात. पहिली, पेडल मऊ लागतं आणि कितीही हवा काढली तरी तसंच राहतं. नवे भाग शोधण्याआधी कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) बघा. हवा काढायचा निपल वरच्या बाजूला आहे का? डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली जातो, आणि वर अडकलेली हवा कधीच बाहेर पडत नाही. ही चूक अनुभवी माणसांच्याही हातून होते, कारण बोल्ट दोन्हीकडे बसतात.

दुसरी तक्रार म्हणजे पाच-सात मैलांनी पेडल दगडासारखं होतं, पुढची चाकं जड फिरतात, जळका वास येतो. चाक उचला. पेडलचा दाब नळ्यांत ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपाशी नळीचा नट किंचित सैल करा. चाक सुटलं तर दाब मास्टरच धरून बसलाय: एकतर तो ड्रमसाठीचा जुना मास्टर आहे, ज्यात सुमारे १० पीएसआय दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो, नाहीतर बूस्टरचा (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पेडलला जोर देणाऱ्या डब्याचा) दांडा लांब आहे. तिथे सुटलं नाही पण कॅलिपरचा निपल उघडल्यावर सुटलं, तर मधली रबरी नळी आतून बसलीय. निपल उघडूनही सुटत नसेल तर कॅलिपर जाम. दहा मिनिटांत निदान होतं, आणि तरी लोक चौथा मास्टर सिलिंडर मागवतात.

मोठा कॅम बसवून आयडलला खडखडाट आवडणाऱ्यांनी बूस्टरला व्हॅक्यूम किती मिळतो ते गेजने मोजावं. पारा सुमारे १८ इंचांच्या बराच खाली असेल तर पेडल लाकडी लागेल. ब्रेक ऑइलमध्ये डॉट ३ आणि सिलिकॉनचं डॉट ५ मिसळायचं नाही.

गाडी खाली बसवताना

सी-१० च्या मागे बहुधा कॉइल स्प्रिंग आणि लांब ट्रेलिंग आर्म असतात. छोटे स्प्रिंग टाकले की गाडी खाली येते, पण पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवा धरणारा दांडा) आखूड असल्याने ॲक्सल एका बाजूला सरकतो. एका चाकाचा टायर फेंडरला लागतो, दुसरा आत बुडतो. कमी-जास्त करता येणारा रॉड लावा. चार-पाच इंचांपुढे जायचं तर चासीला वरून खाच द्यावी लागते, नाहीतर खड्ड्यात ॲक्सल चासीवर आदळतो. ताशी ५५-६० मैलांना गाडीचा तळ थरथरायला लागला तर टायरवाल्याकडे पळण्याआधी प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांचे कोन मोजा. गिअरबॉक्स जितका खाली कललाय तितकाच डिफरन्शियलचा पिनियन वर हवा.

दिवे लावले की तापमान वाढतं

हे ऐकायला विनोदी वाटतं, पण हमखास घडतं. दिवसा काटा मधोमध असतो, संध्याकाळी हेडलाइट लावले की तापमानाचा काटा चढतो आणि पेट्रोलचाही हलतो. इंजिन गरम झालेलं नसतं, अर्थिंग खराब असतं. नव्याने रंगवलेल्या चासीवर, रंगवलेल्या केबिनवर वायरचा डोळा बोल्टने आवळलेला असतो, आणि रंग वीज जाऊ देत नाही. बॅटरी ते इंजिन, इंजिन ते चासी, चासी ते केबिन अशा तीन पट्ट्या द्या आणि प्रत्येक जागी रंग खरवडून चकचकीत लोखंड बाहेर काढा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या वजा टोकावर, दुसरं इंजिन ब्लॉकवर ठेवून स्टार्टर मारायला सांगा. पाव व्होल्टच्या वर दिसलं तर पट्टी कमी पडतेय.

खरोखर गरम होत असेल तर कधी होतं ते बघा. सिग्नलला उभं असताना होत असेल तर हवेचा प्रश्न, बहुधा पंख्याभोवतीचं आच्छादन नाही. हायवेवर होत असेल तर पाण्याचा किंवा रेडिएटरचा.

रंग

सगळी जोडणी, दरवाजाच्या फटी, हौद्याच्या ओळी, बॉनेटचं बंद होणं, हे सगळं उघड्या पत्र्यावर जमवून घ्यावं. मग खोलून रंग. टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगात आयसोसायनेट ही घातक रसायनं असतात. घरच्या गॅरेजमध्ये ते फवारायला कागदी मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर ती एक पायरी रंगवाल्याकडे द्या, त्यात कमीपणा काही नाही.

पहिली फेरी पन्नास मैलांची ठेवू नका. घराभोवती दोन चकरा मारा, परत या, गाडीखाली पुठ्ठा सरकवा आणि सकाळी त्यावर काय पडलंय ते बघा: लालसर असेल तर गिअरबॉक्स, हिरवं किंवा नारिंगी असेल तर कूलंट, चाकाच्या मागे ओलं असेल तर ब्रेक. चाकांचे नट पुन्हा आवळा. आग विझवायचा छोटा सिलिंडर सीटवरून हात पोचेल असा बसवा, टाकी मागे नेली असली तरी.