गेटच्या सराव परीक्षा: खरं काम पेपर संपल्यावरचं

बेळगावात 'गेट' म्हटलं की आधी टिळकवाडीचं पहिलं-दुसरं रेल्वे गेट आठवतं. आपला विषय मात्र एम.टेक.च्या प्रवेशासाठी द्यायच्या गेट परीक्षेचा. मी ही परीक्षा तीनदा दिली आणि आता दरवर्षी गल्लीतली पोरं सल्ला विचारायला येतात. त्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं, "शंभर टेस्ट मार, आपोआप जमतंय की." आपोआप काही जमत नाही. माझ्या चाळीसेक टेस्ट झाल्या तरी गुण जागचे हलत नव्हते.

अभ्यासक्रम एकदा तरी पुरा झालाय असं धरून चालतो.

टेस्ट संगणकावरच द्या, मोबाइलवर नको. गेटचा कॅल्क्युलेटर पडद्यावरचा असतो, एकेक आकडा माऊसनं दाबावा लागतो, आणि सवय नसेल तर वर्गमूळाचं बटण शोधण्यातच मिनिट जातं. घरात लाईटचा भरवसा नसेल तर मित्राकडे जा. ३ तास, ६५ प्रश्न, १०० गुण. मध्ये उठायचं नाही, चहासुद्धा नाही. जुन्या अधिकृत पेपरांपैकी शेवटच्या तीन वर्षांचे परीक्षेआधीच्या जानेवारीसाठी न उघडता ठेवा. सुरुवातीलाच सगळे वापरून टाकले की शेवटी स्वतःला तोलायला खरं माप उरत नाही. क्लासच्या टेस्ट कधी उगाच अवघड, कधी नुसत्या आकडेमोडीच्या असतात, तिथल्या क्रमांकावर झोप उडवू नका.

'तुक्का अजिबात मारू नका' हाही असाच एक सल्ला. चार पर्यायांच्या एका गुणाच्या प्रश्नात चुकीला एक तृतीयांश गुण कापतात. डोळे झाकून मारलेल्या तुक्क्यांची सरासरी बरोबर शून्यावर येते. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं, तर उरलेल्या तिघांतून निवडणं सरासरीनं फायद्याचंच. एकाहून जास्त उत्तरं बरोबर असू शकणाऱ्या आणि आकडा टाइप करायच्या प्रश्नांना चुकीचे गुण कापतच नाहीत. ते कोरे सोडणं म्हणजे शुद्ध आळस.

आता जिथं माझं घोडं अडलं होतं तिथं येऊ.

टेस्ट संपली की मी लगेच उत्तरं उघडायचो. चुकलेल्या प्रश्नाची रीत वाचायची, "अरे, येतंय की मला हे" म्हणायचं आणि पुढं जायचं. दीड तासात सगळं उरकून वर अभ्यास झाल्याचं समाधान. ही सवय सगळ्यात घातकी. दुसऱ्याची रीत वाचताना समजणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर स्वतःला सुचणं वेगळं.

म्हणून त्या दिवशी फक्त कुठले प्रश्न चुकले तेवढे क्रमांक टिपून ठेवा, उत्तराचं पान उघडूच नका. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच प्रश्न घड्याळ न लावता पुन्हा सोडवा. निम्मे तर तिथंच सुटतात. म्हणजे ज्ञान होतं, घोळ दुसरीकडे होता. जे तरीही अडतील त्यांचीच रीत बघा, आणि बघून झाल्यावर पान मिटून पुन्हा एकदा सोडवा. याला टेस्टपेक्षा जास्त वेळ जातो. जाऊ दे. आठवड्याला तीनऐवजी एकच टेस्ट द्या.

मग वही. प्रत्येक चुकीपुढं एका ओळीत कारण लिहायचं, तेही मराठीत. शाळा मराठी आणि कॉलेज इंग्रजी अशी आपल्याकडची बरीच पोरं 'सिली मिस्टेक' असं लिहून मोकळी होतात. त्या दोन शब्दांमागं काहीही लपतं. आपल्या भाषेत लिहायला बसलं की नेमकं काय झालं ते सांगावंच लागतं.

माझंच बघा. प्रश्न असा: २०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपातून सेकंदाला ०.०३१४ घनमीटर पाणी जातंय, वेग किती? उत्तर सेकंदाला १ मीटर. मी ०.२५ टाइप केलं होतं. व्यासच त्रिज्या समजून वर्ग केला, क्षेत्रफळ चौपट झालं आणि वेग चौथ्या हिश्शावर आला. आकडा टाइप करायच्या प्रश्नात समोर पर्याय नसतात, त्यामुळे शंकाही आली नाही. 'गडबडीत चुकलं' असं लिहिलं असतं तर विसरलो असतो. वहीत 'व्यासाला त्रिज्या धरलं' हेच शब्द चौथ्यांदा लिहिताना मात्र लाज वाटली. तेव्हापासून कच्च्या कागदावर पहिल्यांदा 'डी बरोबर' (डी म्हणजे व्यास) असं लिहूनच पुढं जातो.

व्हीटीयूच्या, म्हणजे आपल्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाच्या, पेपरात सूत्र बरोबर आणि आकडेमोड चुकली तरी पायऱ्यांचे गुण पदरात पडतात. गेटमध्ये पायऱ्या कुणी बघत नाही. त्या जुन्या सवयीच्या किती चुका निघतात तेही वहीत दिसेल.

दहा दिवसांनी वहीतले प्रश्न पुन्हा, कारणावर हात ठेवून. जो दोनदा सलग सुटला त्याच्यावर काट मारा. माझ्या वहीत शेवटी दोनेकशे प्रश्नांतले तीसच उरले होते.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवी टेस्ट नको, तेवढे उरलेले प्रश्न बघा. केंद्र परगावी आलं तर आदल्या संध्याकाळीच पोचा, आणि ओळखपत्र मूळच न्या, झेरॉक्स चालत नाही.