कंबर धरत असेल तर रोड बाइक घेताना या चुका टाळा

"वजन किती?" साताऱ्यात रोड बाइक बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि दुकानदारही "उचलून बघा की" म्हणत सायकल हातात देतो. एका हातात अलगद उचलली गेली की सौदा अर्धा पक्का. ज्याची कंबर दुखते त्याच्या यादीत मात्र सायकलचं वजन रंगाच्या जरासंच वर असायला हवं. नऊ किलो आणि साडेदहा किलो हा फरक स्वारासकट एकूण वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास येतो. यवतेश्वरचा घाट चढायला अर्धा तास लागत असेल तर वाचलं काय, अर्धं मिनिट. तेवढ्यासाठी लोक रेसची फ्रेम घेतात आणि मग वर्षभर कमरेला पट्टा बांधून फिरतात.

सीट, स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा), टायर, गिअर हे सगळं नंतर बदलता येतं, थोड्या पैशांत. फ्रेम बदलता येत नाही. म्हणून पाठीचा विचार करून घ्यायची ती फ्रेम. बाकीच्या चुका दुरुस्त होतात, फ्रेमची होत नाही.

दुखणं कुठलं ते न विचारता सायकल ठरवणं

"मणक्यात गॅप आहे" एवढ्यावर आपल्याकडे सगळी पाठदुखी एका पोत्यात जाते. प्रत्यक्षात दोन माणसांच्या गरजा अगदी उलट असू शकतात. चकती सरकून नस दबली असेल तर पुढे वाकल्यावर सहसा त्रास वाढतो. त्याला हँडल उंच आणि जवळ हवं. पण उतारवयात मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेल्या माणसाचं वेगळं असतं. थोडं चाललं की त्याचे पाय भरून येतात आणि बाकावर पुढे झुकून बसलं की मोकळं वाटतं. असा माणूस कधीकधी अर्धा किलोमीटर चालू शकत नाही, पण सायकलवर दहा किलोमीटर आरामात जातो. त्याला ताठ बसवलंत तर उलट त्रास द्याल.

तेव्हा डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना "सायकल चालवू का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर बहुतेक वेळा "चालवा, जपून" असंच येतं. "पुढे वाकलेलं चालेल का, आणि किती वेळ?" असं विचारा. पायात मुंग्या, पाऊल उचलताना जोर कमी पडणं असं काही असेल तर सायकलची खरेदी लांबवा. बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर सायकलचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ताठ बसलं की पाठ वाचते, हा समज

पाठदुखीवाल्याला सगळे सपाट हँडलची हायब्रिड सुचवतात. गावात भाजी आणायला, राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत जायला ती छान. पण अगदी ताठ बसलं की अंगाचा जवळजवळ सगळा भार सीटवर आणि रस्त्याचा प्रत्येक दणका सरळ कण्यात. थोडं पुढे झुकलं की हात काही भार घेतात आणि कोपर वाकलेले असले तर तेच धक्केही गिळतात. शिवाय रोड बाइकच्या खाली वळलेल्या ड्रॉप हँडलवर हात ठेवायच्या तीन-चार जागा मिळतात. दर दहा मिनिटांनी पकड बदलली की पाठीचा कोनही बदलतो. दोन-तीन तासांच्या फेरीत हे फार मोलाचं आहे, कारण पाठीला खरा कंटाळा एकाच जागी अडकून राहण्याचा असतो. प्रश्न झुकावं की नाही हा नाही, किती झुकावं हा आहे, आणि ते फ्रेम ठरवते.

उंची सांगून साइज घेणं

"पाच-आठ? मग मीडियम." दुकानातलं मापन इथेच संपतं. एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीच्या मीडियमशी जुळेलच असं नाही, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही मोठा फरक असतो. बघायचे आकडे दोन: स्टॅक आणि रीच. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, जिथे फिरतो त्या बीबीच्या मध्यापासून फ्रेमचं पुढचं डोकं, जिथे हँडल बसतं ते, किती उंच आहे तो स्टॅक, आणि आडव्या रेषेत किती पुढे आहे तो रीच. प्रत्येक नावाजलेली कंपनी हे आकडे साइजनुसार वेबसाइटवर देते. दुकानदाराला माहीत नसतील तर मोबाइलवर तिथेच उघडा.

मध्यम साइजमध्ये रेसच्या फ्रेमचा स्टॅक साधारण ५४५ मिमी आणि रीच ३८५ मिमी येतो. ज्याला एन्ड्युरन्स फ्रेम म्हणतात तिचा स्टॅक ५७५ ते ५८५ आणि रीच ३७५ च्या आसपास. कागदावर हा फरक तीन-चार सेंटिमीटरचा, पण पाठीला तोच कासच्या परतीच्या वाटेवर कळतो. सोपा हिशेब करायचा तर स्टॅकला रीचने भागा. १.४ ते १.४५ आलं तर ती रेसची, १.५ च्या पुढे गेलं तर तुमच्या कामाची. ट्रेकची डोमाने, जायंटची डिफाय, कॅननडेलची सिनॅप्स, स्पेशलाइज्डची रुबे ही या जातीची नावं. "म्हाताऱ्यांची सायकल" म्हणून काही पोरं नाक मुरडतात. मुरडू देत. डोमाने २०१२ मध्ये आली ती फाबियान कान्चेल्लारासारख्या रेसरला युरोपातल्या दगडी रस्त्यांवरून न्यायला.

याच चुकीचा दुसरा प्रकार म्हणजे दुकानात शिल्लक आहे म्हणून एक साइज लहान घेणं. मग पाय पुरावेत म्हणून सीट वर जाते, हँडल तिथेच राहतं आणि दोन्हींतली दरी वाढते. लहान फ्रेमवर माणूस जास्तच वाकतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

पहिल्याच दिवशी नळी कापणं

हँडलच्या स्टेमखाली काळ्या चकत्या असतात, त्या स्पेसर. त्या स्टेमखाली जितक्या जास्त तितकं हँडल वर. "लूक येतो" म्हणून काही ठिकाणी स्टेम खाली बसवतात आणि वर उरलेली फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची, नळी कापून टाकतात. कापलेली नळी परत वाढत नाही. सायकल ताब्यात घेताना स्पष्ट सांगा: सगळे स्पेसर स्टेमखाली, नळीला करवत लावायची नाही. तीन-चार महिने चालवून पाठ बसली की मग हवं तर खाली उतरा. नळी कार्बनची असेल तर स्टेमखाली किती स्पेसर चालतात याची मर्यादा कंपनी देते, ती पाळा. आणि हँडल-स्टेम एकसंध असलेली, आतून वायरी गेलेली देखणी सायकल पाठदुखीवाल्याने घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत. एक सेंटिमीटर आखूड स्टेम लावायचा तर साध्या सायकलला पंधरा मिनिटं लागतात. तिथे अख्खा सेट बदलावा लागतो, खर्च वेगळाच.

कार्बनवर पैसे, टायरवर काटकसर

कार्बन धक्के खातो आणि अॅल्युमिनियम हाडं खिळखिळी करतं, हे अर्धसत्य आहे. फ्रेम कशाची आहे याने जेवढा फरक पडतो त्यापेक्षा कितीतरी जास्त टायरच्या रुंदीने आणि हवेने पडतो. २३ किंवा २५ मिमीच्या टायरमध्ये ११० पीएसआय हवा भरून पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर निघणं म्हणजे कमरेला हातोडी लावून घेणं. ३२ मिमीच्या टायरमध्ये सत्तर किलोच्या माणसाला ६० ते ६५ पीएसआय पुष्कळ होते. हवा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर अंदाजाने न भरता मीटरवाला उभा पंप घ्या.

म्हणून खरेदीआधी विचारायचा खरा प्रश्न: या फ्रेममध्ये किती मिमीचा टायर बसतो? जुन्या धाटणीच्या रिम ब्रेकच्या बऱ्याच सायकलींत २५ किंवा २८ च्या पुढे टायर जात नाही. डिस्क ब्रेकच्या एन्ड्युरन्स फ्रेममध्ये ३२ सहज बसतो. डिस्कचा आणखी एक फायदा यवतेश्वर उतरताना कळतो. तेलाच्या दाबावर चालणारी (हायड्रॉलिक) डिस्क असेल तर लिव्हर आवळायला जोर कमी लागतो, त्यामुळे खांदे आणि मान आखडत नाहीत.

घाटाचा विचार न करता गिअर

साताऱ्यात राहून रोड बाइक घेतली की चढ टळत नाही. समर्थ मंदिराकडून वर निघालं की यवतेश्वर, ठोसेघरकडे गेलं तरी घाट, वाईला गेलं की पसरणी खुणावते. कंबर सर्वात जास्त कुठे भरते, तर जड गिअर रेटताना. पाय दमले की माणूस हँडल ओढून कमरेने पेडल मारायला लागतो.

आकड्यांत बघा. पुढे ३४ दात आणि मागे सर्वात मोठं चक्र २५ दातांचं असेल तर ताशी ८ किलोमीटरच्या चढाच्या वेगाला पाय मिनिटाला जेमतेम ४७ वेळा फिरतात. मागे ३४ दातांचं चक्र असेल तर तोच वेग ६३ फेऱ्यांत. पुढे ३० असेल तर ७० च्या वर. फेऱ्या वाढल्या की प्रत्येक पेडलमागचा जोर कमी होतो आणि कंबर मोकळी राहते. तेव्हा शिमानोच्या गिअरसेटपैकी क्लॅरिस, सोरा, टियाग्रा की १०५ यावर तासभर चर्चा करण्याआधी मागच्या मोठ्या चक्राचे दात मोजा. ३४ नसतील तर कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बदलून मिळेल का, आणि मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तेवढं मोठं चक्र पेलेल का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.

मऊ सीट, उंच सीट

जेलचं जाड कव्हर दुकानात बसून बघताना गादीसारखं वाटतं. तासाभराने त्यात बैठकीची हाडं रुततात, कंबर डुलायला लागते. हाडांच्या रुंदीला जुळणारी, बेताची टणक सीट बरी.

उंचीसाठी जांघेपासून टाचेपर्यंतचं माप घ्या आणि ०.८८३ ने गुणा. ८० सेंटिमीटर पाय असेल तर बीबीच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंत साधारण ७०.६ सेंटिमीटर. ही सुरुवात, अंतिम शब्द नव्हे. मित्राला मागून मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हेलकावत असेल तर सीट उंच आहे, पाच मिमी खाली घ्या. सीटचं नाक वर तर मुळीच नको. १९९९ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासात सीटचं नाक खाली झुकवल्यावर कंबरदुखी असलेल्या बहुतेक हौशी सायकलस्वारांना आराम पडला होता. तिथे झुकाव १० ते १५ अंशांचा होता. एवढ्याने माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार मनगटांवर येतो, म्हणून एक-दोन अंशांपासून सुरुवात करा.

घेतली, तरी दुखतंय

फक्त चढावर दुखत असेल तर सायकलचं माप बदलू नका, गिअर बघा. सपाटीलाही तासाभराने कमरेत भरून येत असेल तर हँडल लांब किंवा खाली आहे, एक-दोन सेंटिमीटर आखूड स्टेम लावा. एकाच बाजूला कळ येते तेव्हा सीटची उंची आणि बुटाखालचे, पेडलात अडकणारे क्लीट तपासा, दोन्ही पाय सारख्या लांबीचे आहेत का हेही फिजिओकडून बघून घ्या. मान आणि खांदे धरत असतील तर ब्रेकचे लिव्हर लांब असण्याची शक्यता मोठी. बहुतेक लिव्हरला जवळ घ्यायचा छोटा स्क्रू असतो, तो कोणी फिरवतच नाही. दुखणं फक्त खड्ड्यात आणि गतिरोधकावर जाणवलं तर हवा कमी करा आणि गतिरोधक दिसला की गुडघे-कोपर वाकवून सीटवरून जरा उठा.

एका वेळी एकच बदल, आणि सीट किंवा क्लीट हलवायचे तर तीन ते पाच मिमीच. आधीच्या जागेवर इन्सुलेशन टेपची खूण करून ठेवा. दोन-तीन फेऱ्या झाल्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावू नका, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही.

काही वेळा दोष सायकलचा नसतोच. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. अशा वेळी पूर्ण वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. आणि आपण पाचला उठून साडेपाचला कासच्या वाटेला लागतो. चकतीचा त्रास असेल तर उठल्यावर तासभर घरात हिंडा-फिरा आणि मगच निघा, पहिले चार-पाच किलोमीटर हँडलच्या वरच्या भागावर हात ठेवून. पाठीवरची सॅकही घरी राहू दे. डबा, पाणी, हवेचा पंप हे सगळं फ्रेमवर आणि सीटखालच्या पिशवीत मावतं.

दुकानासमोर दोन चकरा

पाठ चाळीस मिनिटांनी बोलायला लागते, दुकानासमोर नाही. खरेदीला पुण्याला जाणार असाल, बरेच जण जातात, तर आधी फोन करून अर्ध्या-पाऊण तासाची टेस्ट राइड मिळेल का ते विचारा. नाही म्हणाले तर ओळखीत त्याच मॉडेलची त्याच साइजची सायकल कोणाकडे आहे का बघा, एका रविवारी मागून घ्या.

सेकंडहँड बघत असाल तर मोजायची टेप बरोबर ठेवा. विकणारा रेसवाला असेल तर नळी कापलेली असण्याची शक्यता धरूनच चला. स्टेमखाली किती स्पेसर उरलेत ते मोजा, टायरच्या दोन्ही बाजूंना फ्रेमपर्यंत किती जागा आहे ते बघा, आणि मागच्या मोठ्या चक्राचे दात मोजा. यांतल्या दोन गोष्टी जमत नसतील तर किमतीवर घासाघीस न करता तसेच परत फिरा.